कोर्टाबाहेर वाचलेलं

६ ऑक्टोबर, सोमवार

मला घेतलं. सकाळी निघताना वर्नाला सांगून गेले होते की दुपारी परत येते, राज्य दुभागणाऱ्या कालव्याच्या वरची, उत्तरेकडची शिकलीसवरलेली माणसं सोडून मला कोण ज्यूरीवर बसवतंय. विल्मिंग्टनला पोचेपर्यंत हेच मनात होतं. पण आठ जणांत माझं नाव पुकारलं.

जज्जबाईंनी आधी सगळ्यांना प्रश्न विचारले. कोणी औषध कंपनीत काम करतं का, कोणाच्या नावावर पेटंट आहे का, तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी संधिवातावरचं हे इंजेक्शन घेतं का. मी हात वर केला नाही. माझ्या घरात मीच. नवऱ्याला, एल्वुडला, जाऊन तीन वर्षं झाली, आणि त्याला संधिवात नव्हता, हृदयाचं दुखणं होतं. वर्नाला आहे संधिवात, पण वर्ना शेजारीण. विचारलं ते घरातल्यांचं. शिवाय तिच्या इंजेक्शनचं नाव मी कधी विचारलेलं नाही.

दोन औषध कंपन्यांचं भांडण आहे. खटल्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, काही वाचायचं नाही, शोधायचं नाही, असं जज्जबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. वहीत लिहिण्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत, तरी नावं इथे नकोत. एक कंपनी खिडकीकडच्या टेबलावर बसते, दुसरी दाराकडच्या. मी त्यांना तेच म्हणणार.

ज्यूरीत आमच्या भागातला आणखी एक जण आहे. सीफर्डचा लेमार ट्रुइट. कोंबड्यांचे ट्रक चालवायचा, आता निवृत्त. म्हणाला, "रोज दोन गाड्या कशाला न्यायच्या? मी येतो न्यायला." सीफर्ड माझ्या उत्तरेला, म्हणजे त्याला आधी उलटं लॉरेलला यावं लागणार. तसं म्हटलं तर म्हणाला, "सकाळी सकाळी गाडीचे पाय मोकळे करावे लागतात, मिसेस हिचन्स." पेट्रोल वाचवायचं असेल बिचाऱ्याला, हिशोब चुकला त्याचा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज दोन्ही वकिलांनी आपापलं म्हणणं मांडलं. खिडकीकडचा वकील म्हातारा, पांढऱ्या केसांचा. चर्चच्या दारात उभे राहून पाद्री हात हातात घेतात ना, तसं बोलतो. दाराकडची वकील तरुण आहे. भरभर बोलते आणि पाणी पिते.

मला समजलं ते असं. गोळी असेल तर तिची हुबेहूब नक्कल करता येते. हे औषध मात्र जिवंत पेशींत वाढवतात. म्हणून दुसऱ्याने केलेलं तंतोतंत तेच होत नाही, तसंच होतं. त्याला बायोसिमिलर म्हणतात. खिडकीकडच्यांनी औषध काढलं. दाराकडच्यांनी तसंच दुसरं केलंय, सरकारने ते तपासून मान्यही केलंय. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ते विकायचं नाही असं त्यांच्यात ठरलंय.

मला वर्नाचे पाव आठवले. तिच्या आंबवणातलं थोडं मी एकदा घरी आणलं होतं. पीठ तेच, कृती तीच. पाव चांगले झाले, एल्वुडने पोटभर खाल्ले. पण वर्नाचे ते वर्नाचे, असंही म्हणाला.

औषधाचं स्वतःचं पेटंट या भांडणात नाहीच. भांडण आहे ते ज्या पाण्यात औषध ठेवतात त्या पाण्याचं. त्यात काय काय घातलं की औषधाच्या गुठळ्या होत नाहीत, त्याचं पेटंट. त्याला सगळे चार-सतरा म्हणतात, नंबराचे शेवटचे आकडे. 'चार-सतराने काय केलं, चार-सतराला कधी सुचलं.' जणू कोणाचा थोरला मुलगा. आम्ही ठरवायचं ते एवढंच की या धंद्यातल्या जाणकार माणसाला ती गोष्ट आपसूक सुचली असती का. सुचली असती तर पेटंट खोटं. मग दाराकडचे उद्यापासून विकायला मोकळे.

किंमत किती, कोणाला परवडतं, तिकडे लक्ष द्यायचं नाही असं जज्जबाई म्हणाल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर एक प्राध्यापक 'बफर, बफर' करत होते. सगळे माना डोलावत होते. मला शब्द अर्धवट सोडता येत नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून कॅनिंगच्या कारखान्यात गेले तेव्हापासूनची सवय. जो शब्द अडेल तो डोक्यात ठेवायचा आणि घरी येऊन शोधायचा. तसंच शिकले जे काय शिकले ते.

शब्दकोशसुद्धा उघडायचा नाही असं आम्हाला सांगितलंय. मी उघडला. बफर म्हणजे पाण्याचा आंबटपणा बदलू न देणारं मिश्रण, एवढंच. एक शब्द म्हणजे काही खटला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ज्यूरीतला नेवार्कचा मुलगा काल मूतखड्याने आडवा झाला, त्याला सोडलं. सात राहिलो. लेमार गाडीत म्हणाला, "मीही एकदा पाडला होता खडा. आमच्या मांजराने तो वास घेऊन सोडून दिला." मी हसले. हसू ऐकून मलाच दचकायला झालं.

आज खिडकीकडच्यांच्या शास्त्रज्ञ बाई साक्षीला होत्या. वर्षानुवर्षं एकेक मिश्रण करून बघितलं, किती वाया गेली, ते सांगत होत्या. त्यांचे हात भाजल्यासारखे लाल. मला एल्वुड दिसायला लागला. कोंबड्यांच्या शेडमधल्या खाद्याच्या नळीसाठी त्याने जाळीच्या दाराची स्प्रिंग लावून एक दांडी केली होती. भांडं भरलं की मोटर आपोआप बंद. शेडची यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा विक्रेता आला, स्वयंपाकघरात कॉफी प्याला, दांडी पाहून गेला. पुढच्या वर्षी ती त्यांच्या कॅटलॉगमध्ये. एल्वुड म्हणाला, "असू दे, कोंबड्यांना खायला मिळालं ना." मला मात्र अजून डाचतं. तेव्हा आज माझं मन खिडकीकडे होतं. ज्याचं त्याला मिळावं.

सोमवारी सुटी. तीन दिवस कोर्ट नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

वर्नाकडे गेले होते. तिची नोकरी गेली तेव्हापासून विमा नाही, म्हणून इंजेक्शनं लांबवत लांबवत घेते. सरकारी मेडिकेअर मिळायला अजून सहा वर्षं आहेत. आज बोटं इतकी सुजलेली की कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती.

"तुझ्या कोर्टात चांगला चहा देतात का गं?" म्हणाली.

"कॉफी देतात. आपलं न्याहारीचं तळलेलं स्क्रॅपल कुठे मिळत नाही तिकडे."

"कालव्याच्या वर काय मिळणार. कशाचा खटला आहे गं?"

"सांगता येत नाही, माहितेय ना तुला."

"मी कोणाला सांगतेय? मला तर फोनसुद्धा उचलता येत नाही." मग म्हणाली, "जा, फ्रिजमधून लोणी काढ. वरच्या कप्प्यात आहे, मागे."

वर्ना तिच्या फ्रिजला कोणाला हात लावू देत नाही. लोणी तर टेबलावर होतंच. पण विसरली असेल, दुखण्यात माणूस विसरतं. वरच्या कप्प्यात, मागे, इंजेक्शनचा खोका होता. आठवडाभर कोर्टाच्या पडद्यावर पाहिलेलं नाव, तीच अक्षरं, तोच हिरवा पट्टा.

मी दार लावून म्हटलं, लोणी दिसत नाही.

"नसेल," वर्ना म्हणाली.

तिथून उठून जज्जबाईंच्या कारकुनाला फोन करायला हवा होता. नंबर दिलेला आहे. मी घरी न जाता लायब्ररीत गेले. अभ्यासाच्या कॉम्प्युटरवर बसले आणि बंद होईपर्यंत वाचलं.

औषधाचं मूळ पेटंट कधीच संपलंय. ते संपत आलं तेव्हा त्यांनी आणखी घेतली. पाण्याचं, डोसाचं, टोचायच्या पेनाचं, पेशींना काय खायला घालतात त्याचंसुद्धा. डझनावारी. प्रत्येकाची मुदत आधीच्याच्या पुढे. घराला कुंपण, कुंपणाला कुंपण. दुसऱ्या कोणाला आत यायचं तर एकेक उपटत यायचं, आणि एकेक उपटायला वर्षं जातात. युरोपात तसंच औषध कधीपासून मिळतंय, स्वस्त झालंय, लोक नीट आहेत. यातलं अक्षरही आम्हाला कोर्टात सांगितलेलं नाही.

रागाने कान गरम झाले होते. आणि खरं लिहायचं तर, बरंही वाटत होतं. इतकं नवीन काही कळून किती दिवस झाले होते. घरी आले आणि सवयीने बाहेरच्या खोलीत गेले, कोणाला तरी सांगायला.

१२ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. वर्नाला सांगितलं, डोकं दुखतंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांगून टाकलं. लेमारला, गाडीत.

धुकं होतं, तो सावकाश चालवत होता. त्याच्या गाडीत रेडिओच नाही, नुसतं भोक आहे, त्यात तो हातमोजे ठेवतो. म्हणाला, "आज इतक्या गप्प का, मिसेस हिचन्स? मूतखडा तर नाही?" आणि मी सुरू झाले. वर्नाचा खोका, कुंपणाला कुंपण, युरोप, सगळं. तो ऐकत होता. मध्ये बोलत नाही, वळण आलं की थांबा म्हणतो आणि वळण संपलं की "हं, पुढे." कालवा ओलांडला तरी मी बोलतच होते.

शेवटी म्हणाला, "हे आपण करायला नको होतं ना?"

"नको होतं."

"बरं. मग मी ऐकलंच नाही."

आता लिहिताना वाटतं, वर्नासाठी बोलले म्हणावं तर लेमारच्या हातात काय आहे? त्याचं एक मत. त्याला सांगितल्याने वर्नाच्या बोटांना काय मिळालं? मग कशासाठी बोलले, ते मला सांगता येत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल वकिलांची शेवटची भाषणं झाली. आज सकाळी आम्हाला खोलीत बसवलं. हॉकेसिनच्या मिसेस फेनिमोर बँकेत कामाला आहेत, त्यांना आम्ही प्रमुख केलं. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या सारख्या करायला लावल्या आणि मग सुरुवात केली.

पहिल्या फेरीत मतं विखुरली. डोव्हरच्या हवाई तळावरचा एक तरुण आहे, तो खिडकीकडे झुकलेला. म्हणाला, "दुसऱ्याचं औषध टोचून कोणी मेलं तर?" खरं तर तो प्रश्नच आमचा नव्हता. मिसेस फेनिमोर तसं म्हणणारच होत्या, तेवढ्यात लेमार बोलला, "युरोपात इतकी वर्षं टोचून घेतायत, कोणी मेलं नाही."

"हे कोर्टात कोणी सांगितलं?" मिसेस फेनिमोरनी विचारलं. आवाज चढवला नाही. वहीची पानं मागे उलटली, पुन्हा पुढे. "माझ्याकडे नाहीये हे."

लेमारने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

त्यांनी जज्जबाईंना कळवलं. आम्हाला एकेकट्याला आत बोलावलं, दोन्हीकडचे वकील बसलेले. लेमार पहिला. तो परत आलाच नाही. मग माझी पाळी.

"मिसेस हिचन्स, मि. ट्रुइट म्हणतात की त्यांनी हे रेडिओवर ऐकलं. तुम्ही स्वतः बाहेरचं काही वाचलंत, ऐकलंत, किंवा कोणाशी बोललात का?"

मी म्हटलं, "नाही, मॅडम."

असं स्वच्छ निघालं तोंडातून. शपथेवर. शाळेत कधी खोटं बोलले नव्हते.

लेमारचं बोलणं मनातून काढून टाका, असं जज्जबाईंनी सगळ्यांना सांगितलं. त्याला घरी पाठवलं. सहा उरलो. हसून म्हणाल्या, "आता कृपा करून कोणी आजारी पडू नका. सहाच्या खाली ज्यूरी चालत नाही."

संध्याकाळी बाहेर आले तर लेमारची गाडी सकाळी होती तिथेच. तो आत बसून होता. दिवसभर.

"गेला का नाहीत?"

"तुम्ही कशा गेल्या असत्या? कोंबड्यांच्या ट्रकमधून?"

मी रडले. त्याने हातमोजा पुढे केला, रुमाल नव्हता म्हणून. मी म्हटलं, "मी त्यांना खरं सांगायला हवं होतं."

"मग तुम्हालाही काढलं असतं. मग वर्नाबाईंचं काय?" म्हणाला. तो वर्नाला अजून भेटलेलासुद्धा नाही. "मला काय फरक पडतो. मला परत बोलावणार नाहीत, एवढंच ना? लोक त्यासाठी खोटे दाखले आणतात."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दारात हॉर्न. मी म्हटलं, तुम्ही कशाला आलात? म्हणाला, "कोर्टाने मला काढलंय, गाडीला नाही."

आज मिसेस फेनिमोरनी काय केलं ते नीट लिहून ठेवते. त्यांनी कोर्टात सांगितलेलं एकेक पुढे घेतलं. जुना शोधनिबंध, त्यात तीच साखर होती. दुसरा, त्यात तेच मीठ. खिडकीकडच्यांच्या त्याच शास्त्रज्ञ बाई उलटतपासणीत कबूल झाल्या होत्या की सगळ्यात आधी हेच दोन करून बघायचे असतात. ते मी ऐकलं होतं आणि माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मिसेस फेनिमोर म्हणाल्या, "मी इथे आले तेव्हा पेटंटच्या बाजूने होते. माझे वडील डुपॉन्टच्या रसायन कंपनीत होते, आमच्या घरी पेटंट म्हणजे देव. पण हे सुचलं असतं. मला वाटतं, सुचलंच असतं." हवाई तळाच्या मुलाने पुष्कळ वेळ विचार केला आणि होकाराची मान हलवली. युरोप नाही, किंमत नाही, वर्नाचा खोका नाही. नुसतं कोर्टात ऐकलेलं होतं, आणि पुरलं. मी वाचलेलं काही लागलंच नाही.

पाच जण एका बाजूला झाले. मिसेस फेनिमोर माझ्याकडे वळल्या. "तुमचं राहिलं. आणि एक सांगते, ते ट्रुइट लवकर सापडले ते फार बरं झालं. निदान आता हा निकाल स्वच्छ आहे. कोणी त्याला बोट लावू शकणार नाही."

मला नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की संपलं. वर्नाला येत्या महिन्यांत औषध. सगळं बरोबरच होणार होतं, फक्त मी तिथे नको होते.

मी म्हटलं, "ट्रुइटने रेडिओ ऐकला नाही. मी वाचलं आणि मी त्याला सांगितलं."

मिसेस फेनिमोर आधी हसल्या, समजलं नाही म्हणून. मग त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "अहो, आत्ता?" तेवढंच. हवाई तळाचा मुलगा कपाळ टेबलाला लावून बसला.

जज्जबाईंसमोर सगळं सांगितलं. शब्दकोशसुद्धा.

"काल मी विचारलं तेव्हा?"

"काल खोटं बोलले."

"का?"

"तसं बोलले तर औषध येईल, म्हणून."

"आणि आज खरं का बोलताय?"

याचं उत्तर मी इथे शोधतेय. लेमारसाठी म्हणावं, तर त्याने ते मागितलं नव्हतं. वर्नासाठी तर नाहीच. मला ते 'स्वच्छ' ऐकवलं नाही. म्हणजे माझ्यासाठीच बोलले. माझं मन हलकं व्हावं म्हणून.

पाच जणांची ज्यूरी होत नाही. खटला रद्द. नवी ज्यूरी, पुन्हा सुरुवात, पुढच्या वर्षाच्या अखेरीच्या आधी कोर्टाला तारीख नाही. दाराकडच्या तरुण वकीलबाईंनी कागद गोळा केले आणि पाणी न पिताच पेला ठेवून दिला. खिडकीकडचा म्हातारा वकील बाहेर पडताना माझ्यासमोर थांबला आणि त्याने मान लववली. आभार मानतात तशी.

मला दंड केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

गाडीत लेमारला सांगितलं. तो कालव्यापर्यंत नुसता गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "कुठलं स्टेशन म्हणून विचारलं त्यांनी मला. मी म्हटलं, शेतीचं."

"तुमच्या नावाला बट्टा लागला माझ्यामुळे. आणि आज मी तुम्हाला खोटंही पाडलं."

"आयलीन, पुरे आता," म्हणाला.

पहिल्यांदाच नावाने हाक मारली. फार रागावला असणार.

२० ऑक्टोबर, सोमवार

वर्नाला सांगितलं की खटला संपला. कोण जिंकलं, तिने विचारलं नाही. वर्ना, जी शेजारच्या कुत्र्याचं दुखणंही कुठपर्यंत आलं ते विचारते. मी बरण्यांची झाकणं सैल करून ठेवली आणि आले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर बादलीभर कालवं होती, शिंपल्यांसकट, वर ओलं पोतं. लेमार ठेवून गेला असावा, पोत्यावर सीफर्डच्या दुकानाचं नाव होतं. मी आतून गाडी ऐकली होती. दार वाजलं, दोनदा. उघडलं नाही. कोणत्या तोंडाने उघडायचं? राग नाही हे दाखवायला आला असेल, भला माणूस आहे. एकट्या बाईसाठी इतकी कालवं कोण आणतं, हिशोब त्याचा नेहमीच चुकतो. सगळी वर्नाला दिली. फोडून, कारण तिला सुरी धरवत नाही.

"कोणी आणली एवढी?"

"आमच्या ज्यूरीतला एक."

"बोलावलंस का त्याला जेवायला?"

"नाही."

"मूर्ख आहेस," वर्ना म्हणाली. "कालवं कोणी मैत्रिणीला द्यायला आणत नाही."

ती काय म्हणते ते मला नेहमीच लगेच कळतं असं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

वर्नाच्या मुलीने सॅलिसबरीहून मोठ्या बटणांचा कोट पाठवला. बटणं मोठी असली तरी बोटं तीच. मी लावून दिली. तिने माझ्या डोक्यावरून बघत सहन केलं.

रोज ठरवते की आज सांगेन. माझ्या खिडकीतून तिचा दिवा दिसतो, तेवढं अंतर चालून जाते, आणि हवापाण्याचं बोलून परत येते. कोर्टात अनोळखी माणसांपुढे दोन मिनिटांत बोलले. इथे दोन महिने झाले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ना आज सकाळी टेबलाशी बसली होती. समोर इंजेक्शन, फ्रिजमधून काढून ठेवलेलं. टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवावं लागतं, नाहीतर झोंबतं. मागच्या खेपेला चुकवलं होतं, म्हणून आज घ्यायचंच होतं.

"ये. पेपर वाचून दाखव," म्हणाली. "माझ्या हातून पानं सुटतात. आतल्या पानावर औषधाची बातमी आहे, मुलीने फोनवर सांगितलं."

मी पान उघडलं. बातमी लहान होती. मी एकदा मनात वाचली.

"मोठ्याने गं."

मी वाचलं. दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलंय. आता पुन्हा खटला होणार नाही. दाराकडचे पेटंट मान्य करतात. त्या बदल्यात त्यांना औषध विकायला परवानगी, चार वर्षांनंतर. त्याच्या आत नाही. चार-सतरा खरं की खोटं, ते आता कोणी ठरवणार नाही.

वर्नाने डोळे मिटले होते. "पुढे?"

"गेल्या ऑक्टोबरात विल्मिंग्टन इथे खटला अंतिम टप्प्यात आला असता," मी वाचलं, "ज्यूरीतील एका महिलेने परस्पर माहिती वाचल्याचे उघड झाल्याने तो रद्द करावा लागला होता. तेव्हा ज्यूरीचा कौल पेटंटच्या विरोधात जात होता, असे समजते."

"कोण गं ती बाई?" वर्नाने विचारलं. डोळे मिटलेलेच.

"मी."

मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच वाचलं होतं. म्हटलं आणि ऐकताना लाज वाटली, म्हणून थांबले. मग म्हटलं, एक शब्द बोलले नसते तर तुला मिळालं असतं. सगळे हो म्हणाले होते, माझंच राहिलं होतं.

"मग हो म्हणायचं होतंस."

"हो."

"मी असते तर म्हटलं असतं. आणि नीट झोपले असते."

"माहितेय."

"तारीख काय म्हणाले? नीट वाच. नुसतं चार वर्षं नको."

मी तारीख वाचली. तिने ओठ हलवून मनाशी महिने मोजले. मग पुन्हा वाचायला सांगितली, मी वाचली.

"बरं," वर्ना म्हणाली.

ती उठली. टेबलावरचं इंजेक्शन तिने दोन्ही तळव्यांत धरलं, कप धरते तसं. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू बस." फ्रिजचं दार तिने कोपराने उघडलं. पहिल्यांदा नाही उघडलं, मग उघडलं. इंजेक्शन खोक्यात जाईना, तोंडाशी अडकत होतं. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. शेवटी ते आत गेलं, तिने हनुवटीने खोका मागे सरकवला आणि दार लावलं.

"पुढच्या महिन्यात घेईन," म्हणाली.